मालीचं गिटार जागचं हलत नाही, तरी सोडवत का नाही?

फावल्या_वेळचा_गिटारवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा. पोटापाण्याला बँक आणि फावल्या वेळात गिटार. वाजवतो म्हणजे गॅदरिंगला कुणी गायला उभं राहिलं तर "पट्टी कुठली?" विचारून साथ करण्याइतपत. कॉलेजात सीनियर पोरांमुळे ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, कानावर पडलं आणि ते वेड टिकलं. बारा मात्रांचं चक्र, तीन कॉर्ड, शेवटी परत घरी येणं, एवढं हाताला समजतं.

मध्यंतरी पुण्याला मित्राकडे मुक्काम होता. जेवणं झाली, गच्चीत बसलो आणि त्यानं 'इन द हार्ट ऑफ द मून' लावलं. गिटारवर अली फार्का तूरे, कोरावर तुमानी जाबाते, दोघंही पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे. कोरा हे एकवीस तारांचं वाद्य मी त्याआधी पाहिलंही नव्हतं. मी सवयीनं कॉर्ड कधी बदलतोय याची वाट बघत बसलो. बदललीच नाही. गाणं संपलं. पुढचं लागलं, तेही आपलं तिथल्या तिथे फिरतंय. खरं तर कंटाळा यायला हवा. पण मित्र झोपायला गेला, मी तिथेच बसून राहिलो आणि अल्बम संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावला.

मग घरी येऊन अलीचं जुनं काहीबाही शोधून ऐकलं. त्यात तर नुसतं गिटार, आवाज आणि भोपळ्यावर बडवल्यासारखा ठेका. स्वर पाचच. भाषेचा एक शब्द कळत नाही. तरी ऑफिसात फायली चाळताना तीच ओळ डोक्यात घुमत असते.

तर जाणकारांना विचारायचंय, हे नेमकं काय आहे? याला ब्लूज म्हणतात ते बरोबर की रेकॉर्ड कंपन्यांनी चिकटवलेली चिठ्ठी? आणि पुढे काय ऐकू? विजेचं गिटार नको, लाकडी गिटारचंच सांगा. जमलं तर हाताला बसवायचाही विचार आहे.

---

पोपटपंची

यात एवढं गूढ काय आहे? पश्चिम आफ्रिकेतून गुलाम अमेरिकेला नेले, त्यांच्याबरोबर गाणं गेलं, तेच ब्लूज झालं. अली फार्का म्हणजे आफ्रिकेचा जॉन ली हूकर (अमेरिकेचा ब्लूज गिटारवाला), असं तर सगळीकडे छापून आलेलं आहे. हूकर तुम्ही ऐकलाच असेल. तोच माल, फक्त मूळ गोदामातला.

---

बामाकोकर

पोपटराव, गोदाम बरोबर, पण पावतीवर माल चुकीचा लिहिलाय.

आधी माझी ओळख. मी मूळ तासगावचा. विजेच्या वाहिन्यांच्या कामावर मालीत काही वर्षं काढली, राहायला राजधानीत, बामाकोला. म्हणून हे नाव. संगीताचं शिक्षण शून्य, तेव्हा स्वरलिपी माझ्याकडे मागू नका. जे सांगतोय ते तिथे बसून ऐकलेलं आणि नंतर हौसेनं वाचलेलं.

'आफ्रिकेचा हूकर' हे बिरुद अलीला स्वतःला मुळीच आवडायचं नाही. त्यानं हूकर ऐकला साठच्या दशकाच्या अखेरीस, बामाकोत एका मित्राकडे. ऐकून त्याला वाटलं की हा माणूस तामाशेक लोकांचं, म्हणजे वाळवंटातल्या तुआरेगांचं संगीत वाजवतोय. हे आपल्याकडून तिकडे गेलंय, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. पण हूकर कानावर पडला तेव्हा अली काही नवशिका नव्हता. १९३९ चा जन्म, नायजर नदीकाठचं नियाफुंके हे गाव. लहानपणी हातात जुरकेल, म्हणजे एकतारी वाद्य. मग न्जार्का नावाचं एका तारेचं सारंगीसारखं वाद्य, मग न्गोनी हे खोड कोरून केलेलं तंतुवाद्य. १९५६ साली गिनी देशाचा फोदेबा केइता आपलं नृत्यपथक घेऊन आला होता, त्याला गिटार वाजवताना पाहिलं आणि आपण एकतारीवर वाजवतो ते यावर निघेल असं अलीच्या डोक्यात आलं. स्वतःचं पहिलं गिटार त्यानं घेतलं १९६८ मध्ये, तेही बल्गेरियाच्या सोफिया शहरात, मालीच्या पथकाबरोबर गेला असताना. पुढे बरीच वर्षं रेडिओ मालीत साउंड इंजिनिअरची नोकरी.

म्हणजे त्याच्या बोटांत जे होतं ते जुरकेलचं आणि न्जार्काचं. गिटार नंतर आलं.

आता गुलामांचा मुद्दा. तो खोटा नाहीच. गेऱ्हार्ड कुबिक म्हणून ऑस्ट्रियन संशोधक आहेत, त्यांनी १९९९ च्या पुस्तकात हे चांगलं मांडलंय. ढोलांचा आफ्रिका म्हणजे किनाऱ्याकडचा, जंगलाचा. सहाराच्या खालच्या कोरड्या पट्ट्यात तंतुवाद्यं, पाच स्वर आणि एकट्यानं गळा ओढत गायची रीत. ब्लूजशी जुळतं ते या पट्ट्याचं. मात्र वाहतूक एकेरी नव्हती. गिटार मालीत आलं ते बाहेरून, वसाहतीच्या काळात. क्यूबाच्या तबकड्यांनी तर अख्ख्या पश्चिम आफ्रिकेला वेड लावलं होतं. साठनंतर अमेरिकन तबकड्या आल्या. हे सगळं तिथल्या गिटारवाल्यांनी ऐकलंय, पचवलंय. म्हणून मालीचा आजचा गिटारवाला काही अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या ब्लूजवाल्याचा आजोबा नाही, फार तर चुलतभाऊ. दोन्ही घरं आपापल्या जागी बदलत आली.

आणि फरक कानाला लगेच कळतो. अमेरिकन ब्लूज चालतं. पहिल्या कॉर्डवरून चौथ्या स्वरावर, तिथून पाचव्यावर, मग घरी. अलीच्या गाण्यात ही चालच नाही. हूकरचं वेगळं, तोही पुष्कळदा एकाच कॉर्डवर ठाण मांडून बसतो, पायानं ठेका देत. म्हणून साम्य दिसलं ते त्याच्यात. अलीची तुलना बहुतेक वेळा त्याच्याशीच होते, ती का, याचं उत्तर यातच आलं.

गिटारवाले, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. का धरून ठेवतं?

बामाकोत माझ्या घराशेजारी एक वेल्डर होता. दिवसभर लोखंडी दारं, खिडक्यांच्या जाळ्या जोडायचा. ऊन उतरलं की दुकानासमोर खुर्ची टाकून गिटार घ्यायचा. गिटारची दशा बघवत नव्हती. पोटाला भेग, तिच्यावर कसला तरी काळा डिंक. कॅपो (पट्टी चढवायला तारा दाबून धरणारा चिमटा) म्हणून एक पेन्सिल आडवी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं गळ्याला आवळलेली. वाजवायचा फक्त अंगठ्यानं आणि तर्जनीनं. बाकीची तीन बोटं गिटारच्या पोटावर टेकलेली, मेल्यासारखी. अंगठा खर्जाच्या तारांवर एक छोटी ओळ धरायचा, पाच-सहा आघातांची, आणि ती सोडायचाच नाही. त्याच्यावर तर्जनी काय वाटेल ते करायची. मध्ये गप्प बसायची, मध्येच घाईनं चार स्वर ओतायची, एखाद्या स्वराला खालून ढकलत आणायची. कुणी गिऱ्हाईक आलं की वेल्डर भावाची घासाघीस करायचा, पण अंगठा चालूच.

माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी त्याला विचारलं होतं, ही कॉर्ड कुठली? त्याला प्रश्नच उमगला नाही. त्यानं मला पुन्हा तीच ओळ वाजवून दाखवली, जरा सावकाश.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की अंगठा ऐका. आपण पाश्चात्त्य गाणं ऐकताना वरची सुरावट ऐकतो आणि कॉर्ड बदलायची वाट बघतो. या गाण्यात वाट बघण्यासारखं पुढे काही ठेवलेलंच नाही. अंगठ्याची ओळ तुम्हाला एका जागी बसवते. एकदा बसलात की मग तर्जनीनं एक स्वर इकडचा तिकडे केला तरी केवढं काही घडल्यासारखं वाटतं. दुःखाबिःखाचं नंतर बघू. या संगीताला 'आर्त' म्हणायची पद्धत आहे, पण मला ते आधी निवांत वाटतं. घाई नसलेल्या माणसाचं.

अलीचं आयुष्यही तसंच. तो ग्रिओ नव्हता. तिकडे गाणं-बजावणं हा ठरावीक घराण्यांचा पिढीजात पेशा. जाबाते, कुयाते, सिसोको ही आडनावं ऐकली की ओळखावं. अली खानदानी घरातला, त्या घरांत गाणं म्हणजे कमीपणा. तो स्वतःला आधी शेतकरी म्हणवायचा आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. १९९४ ला अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरचा 'टॉकिंग टिंबक्टू' आला, पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं, आणि हा बाबा परत नियाफुंकेला जाऊन शेतीच्या पाण्याच्या मागे लागला. पुढच्या अल्बमसाठी शेत सोडून यायला तयार नाही म्हटल्यावर कंपनीनं रेकॉर्डिंगची यंत्रं तिथे नेली. गावातल्या एका ओसाड विटांच्या इमारतीत, जनरेटर लावून रेकॉर्डिंग झालं, तेही शेतातून त्याला सवड होईल तेव्हा. तो अल्बम म्हणजे १९९९ चा 'नियाफुंके'. २००४ मध्ये गावानं त्याला महापौर केलं. पदरच्या पैशानं त्यानं रस्ते सपाट करून घेतले, गटारं काढली, गावाला जनरेटर घेतला. २००६ मध्ये हाडांच्या कॅन्सरनं गेला.

तुम्ही ऐकलेल्या अल्बममध्ये एक चीज 'मस्ये ल मेर द नियाफुंके' नावाची आहे, नियाफुंकेचे महापौर. ती हीच भानगड.

ऐकायला सांगायचं तर अलीचा १९८७ चा, त्याच्याच नावाचा अल्बम. गिटार, आवाज आणि थोडा ठेका, बाकी मसाला नाही. 'टॉकिंग टिंबक्टू' मधलं शेवटचं 'जाराबी' रात्री ऐका, दिवसा नको. मग अफेल बोकुमचा 'अल्किबार', हा अलीचा गाववाला, नोकरीनं शेती सल्लागार. शेजारच्या सेनेगलमधला बाबा माल आणि मन्सूर सेक यांचा 'जाम लीली' तर माझ्या मते या सगळ्यांत सुंदर. मुख्यतः दोन लाकडी गिटारं आणि दोन गळे. मन्सूर सेक अंध होता, ग्रिओ घराण्यातला. आणि बुबाकार त्राओरे. त्याच्यावर सवडीनं लिहितो, साइटवर जायची वेळ झाली.

---

तंबोऱ्याची_गवसणी

बामाकोकर, प्रतिसाद आवडला. अंगठ्याचं तर शंभर टक्के. एका ठिकाणी मात्र मला अडवावंसं वाटतं.

गिटारवाले, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या आहेत आणि दोन्हींना एकच समजताय. अलीचं जुनं, भोपळ्याच्या ठेक्याचं, पाच स्वरांचं गाणं हे उत्तरेकडचं, नदीच्या वरच्या वळणावरच्या सोंघाय, फुलानी, तामाशेक लोकांचं. 'हार्ट ऑफ द मून' मात्र बरंचसं दक्षिणेकडच्या मांदिंग लोकांचं दरबारी संगीत आहे आणि ते सात स्वरांत चालतं. तिथे गाडी तुमानीच्या हातात आहे, अली पुष्कळ ठिकाणी नुसता मागे उभा राहून साथ करतो. परत ऐकाल तेव्हा 'कायरा' नीट ऐका. ही चीज चाळीसच्या दशकातली, फ्रेंचांविरुद्धच्या चळवळीशी जोडलेली. तुमानीचे वडील सिदिकी जाबाते तिच्यासाठी प्रसिद्ध होते. अलीचा आणि दरबारी परंपरेचा जन्मजात काही संबंध नव्हता, तरी तो तिथे किती अदबीनं वाजवतो! बामाकोच्या हॉटेल मांदेच्या वरच्या मजल्यावर, खाली नायजर नदी, दोन-दोन तासांच्या तीन बैठकी आणि तालीम शून्य. असं रेकॉर्ड झालंय ते.

मी सतार शिकले आणि आता मिरजेला असते, त्यामुळे वाद्यांकडे आधी नजर जाते. कोरा म्हणजे मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, वर लांब दांडी आणि एकवीस तारा. पंढरपूरकडचे भोपळे सतारमेकरांच्या दारात वाळत पडलेले रोज बघणाऱ्या बाईला हे वाद्य परकं वाटणं शक्यच नाही. वाजवतात दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जन्यांनी. मांदिंग गिटारवाल्यांचं दोन बोटांचं वाजवणं कोरा, न्गोनी यांच्या हातावरून आलेलं आहे. न्गोनी तर गिटारच्या कितीतरी आधीची, होडीच्या आकाराचं खोड कोरून त्यावर कातडं. अमेरिकेतला बँजो याच कुळातला. पोपटपंचींचं गोदाम इथे खरं आहे.

आता स्वरांचं. अलीचे ते पाच स्वर पेटीवर काढून बघा. षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल निषाद. आपला राग धानी. माझ्या एका शिष्येला मी अलीचं गाणं काही न सांगता ऐकवलं, तर ती पोरगी धानीतलंच काहीतरी गुणगुणायला लागली. पण म्हणून याला राग म्हणायच्या फंदात कुणी पडू नये. आपल्याकडे पाच स्वर मिळाले की बढत आली, एकेका स्वराचा मुक्काम आला, शेवटी द्रुत आलं. तिकडे असं काही गाठायचं नसतं. ओळ पहिल्या मिनिटाला जिथे होती तिथेच सहाव्या मिनिटाला असते. आपल्याला ते जवळचं वाटतं त्याचं कारण माझ्या मते रागापेक्षा हे की आपल्या कानाला एकाच षड्जावर तासभर बसायची सवय आहे. कॉर्ड बदलली नाही म्हणून आपण अस्वस्थ होत नाही. गिटारवाले झाले, कारण ते ब्लूजच्या रस्त्यानं आले.

लयीतही मजा आहे. पुष्कळशा मांदिंग चिजांत एकाच वेळी तीनही मोजता येतात आणि दोनही. दादऱ्याचा ठेका धरून टाळी द्या, मग तेच चालू असताना पायानं दोन-दोन मोजा. कुठे एक आहे ते क्षणभर हरवतं. तबलजींना ऐकवून बघा, ते सम शोधत बसतात.

अवांतर: राय कूडरनं 'टॉकिंग टिंबक्टू'च्या आदल्याच वर्षीचं ग्रॅमी घेतलं होतं ते आपल्या पं. विश्वमोहन भट यांच्याबरोबर, 'अ मीटिंग बाय द रिव्हर' साठी. जयपूरची मोहनवीणा आणि नियाफुंकेचं गिटार, एकाच माणसाच्या घरात पाठोपाठची दोन वर्षं. मला स्वतःला भटांबरोबरचा अल्बम जास्त मोकळा वाटतो. टिंबक्टूत कूडर जरा पाहुण्यासारखा वावरतो.

---

फावल्या_वेळचा_गिटारवाला

वा, धागा काढल्याचं सार्थक झालं. गवसणीताई, धानी पेटीवर काढून बघितला. शेजारी विचारायला आले, क्लास लावलाय का म्हणून. तीन आणि दोनची भानगड मात्र हात बांधून टाकते, टाळी दिली की पाय अडतो.

बामाकोकर, तुमच्या यादीतलं 'जाम लीली' दोनदा झालं. मग थांबवेना म्हणून बुबाकार त्राओरे लावला. 'मारियामा' नावाचा अल्बम मिळाला. हा माणूस कुणासाठी गातोय हो? शब्द कळत नाहीत, पण आवाज असा की मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. आणि त्या दोन बोटांचं काही शिकवता येईल का? माझी बाकीची तीन बोटं मरायला तयार नाहीत.

---

बामाकोकर

गवसणीताईंचा मुद्दा मान्य. उत्तर-दक्षिण वेगळं करून सांगायला हवंच होतं. कूडरबद्दल मात्र मतभेद नोंदवून ठेवतो. 'टॉकिंग टिंबक्टू'मधल्या 'आय दू' मध्ये तो आणि अमेरिकन ब्लूजवाला गेटमाउथ ब्राउन ज्या बेतानं मागे राहतात ते ऐका आणि मग बोला.

आता बुबाकार. जन्म १९४२, मालीच्या पश्चिम टोकाला, गावाचं नाव काय. (विचारत नाहीये, सांगतोय.) आफ्रिकेतल्या सगळ्यांत तापणाऱ्या गावांत याचं नाव घेतात. आमचे काही टॉवर त्या अंगाला होते, दुपारी स्पॅनरला हात लावता यायचा नाही. तर हा पोरगा फुटबॉल चांगला खेळायचा, चेंडू पायात घोळवायचा, म्हणून मैदानातल्या पोरांनी 'कार कार' म्हणून ओरडायला सुरुवात केली. ते टोपणनाव आजही त्याला चिकटलेलं आहे. गिटार मोठ्या भावाचं चोरून वाजवत आपलं आपणच शिकला. भाऊ पुढे संगीत शिकायला क्यूबाला गेला होता.

१९६० मध्ये माली स्वतंत्र झाला आणि याचं 'माली ट्विस्ट' रेडिओवर सकाळी-सकाळी लागायला लागलं. पोरांनो, परत या, देश उभा करू, असा त्याचा सूर. अख्खा देश त्या गाण्यानं उठायचा. आणि गाणाऱ्याला मिळालं काय? शून्य. तबकडी कधी निघालीच नाही, रेडिओची ध्वनिफीत रेडिओकडे. बायको, पोरं, पोट. मग शिंप्याचं काम कर, शेती कर, दुकानदारी कर. हळूहळू लोक विसरले, काहींना तर तो वारला असंच वाटायचं. १९८७ मध्ये टीव्हीवाल्यांना तो काय गावात सापडला आणि टीव्हीवर गाताना बघून मालीचे लोक उडालेच. त्यानंतर थोड्याच काळात त्याची बायको पिएरेत बाळंतपणात गेली.

गिटारवाले, कुणासाठी गातो, त्याचं उत्तर बरंचसं हे. ती गेल्यावर तो पॅरिसला निघून गेला. पॅरिसलगतच्या माँत्रयमध्ये मालीच्या मजुरांच्या वसतिगृहात राहिला, बांधकामावर कामाला. रेडिओवरची त्याची जुनी ध्वनिफीत एका ब्रिटिश निर्मात्याच्या हाती पडली, त्यानं माणसाचा शोध घेतला आणि १९९० मध्ये 'मारियामा' निघाला. पन्नाशी जवळ आलेल्या माणसाचा पहिला अल्बम. नुसतं गिटार आणि गळा. त्यातला थकवा अभिनयातला नाही.

तरी एक सांगू? बामाकोत मी त्याची गाणी ऐकली ती रडक्या वातावरणात कधीच नाही. तिकडे दुपारी निखाऱ्यावर छोटी किटली ठेवून हिरवा चहा करतात, तीन फेऱ्यांचा. पहिली फेरी कडू विष, तिसरी पाकासारखी गोड. किटली हातभर उंच धरून ग्लासात धार सोडायची, परत किटलीत ओतायचं, परत धार. फेस आल्याशिवाय कुणी ग्लासाला हात लावत नाही. यात दीड-दोन तास सहज जातात. कुणाच्या तरी फोनवर कार कार लागलेला असतो, मंडळी फुटबॉलवर भांडत असतात, आणि एखादी ओळ आली की भांडण तसंच ठेवून दोघं-तिघं ती म्हणतात आणि परत भांडायला लागतात. हा 'आत्म्याचा आक्रोश' वगैरे आपण इकडे हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनी ठरवलेलं.

फोनवरून आठवलं. बामाकोच्या मोठ्या बाजारात रांगेनं पोरं बसलेली असायची, प्रत्येकापुढे एक जुनाट संगणक. आपण मेमरी कार्ड द्यायचं, काय हवं ते सांगायचं, थोडे फ्रँक द्यायचे, तो भरून देणार. मी अली मागितला तर पोरानं विचारलं, मिक्स करून देऊ? मला वाटलं असेल चार-दोन कलाकार. घरी येऊन बघतो तर अली, कुराणपठण, आयव्हरी कोस्टचं नाचगाणं आणि शाहरुखच्या सिनेमातली दोन गाणी. कार्ड अजून आहे माझ्याकडे. अलीच्या निम्म्या चिजांची नावं 'ट्रॅक ३', 'ट्रॅक ३ नवीन' अशी.

हे हसण्यावारी नेलं, पण २०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र धर्मांध गटांच्या ताब्यात गेली तेव्हा गाण्यावरच बंदी आली. टिंबक्टू, गाओ, अलीचं नियाफुंके, सगळीकडे. वाद्यं जाळली, रेडिओ केंद्रं गप्प केली, फोनची रिंगटोन गाण्याची असली तरी माणूस अडचणीत. अनेक वादक पळून बामाकोला आले. टिंबक्टूजवळ वाळवंटात दरवर्षी संगीत महोत्सव व्हायचा, तो २०१२ नंतर तिथे होऊ शकलेला नाही. फ्रेंच आणि मालीच्या फौजांनी २०१३ च्या जानेवारीत शहरं परत घेतली, पण त्या भागाला पुढेही शांतता मिळाली नाही. आम्हाला कामासाठी उत्तरेकडे जायची परवानगीच नव्हती, म्हणून नियाफुंके मी पाहिलेलं नाही. नदी तेवढी तीच. बामाकोच्या पुलाखालून जाणारं पाणी पुढे अलीच्या गावाला लागतं.

अलीचा मुलगा व्ह्यू फार्का तूरे गिटार वाजवतो हे माहीत असेलच. बापानं इतकं नाव कमावलं, पण पोरानं या धंद्यात पडू नये, सैन्यात जावं अशी त्याची इच्छा. या धंद्यात कलाकाराला कसं लुबाडतात ते स्वतः पाहिलेलं. पोरगं ऐकलं नाही, बामाकोच्या कला संस्थेत शिकलं, आणि शेवटी बापानं आजारपणात त्याच्या पहिल्या अल्बमवर वाजवलं.

बोटांचं. मी शिक्षक नाही, वेल्डरनं मला जे करायला लावलं ते सांगतो. पिक कपाटात टाका. मधलं बोट, अनामिका, करंगळी गिटारच्या पोटावर टेकवा, हललं तर डाव्या हातानं चापट मारा (वेल्डर मारायचा). कॅपो तिसऱ्या फ्रेटवर, आवाज कोरासारखा टणक होतो. अंगठ्यानं खर्जाच्या तीन तारांवर चार-पाच आघातांची कुठलीही सोपी ओळ बांधा. तर्जनी बंद. तेवढंच वाजवत कुणाशी तरी गप्पा मारा, बँकेतल्या मित्राशी फोनवर बोललात तरी चालेल. गप्पा मारताना ओळ तुटली तर अजून बसलेली नाही. बसली की वरच्या तारांवर तर्जनीनं एकच स्वर टाका, दर वेळी थोडा वेगळ्या जागी. दुसऱ्या स्वराची घाई नको.

---

तंबोऱ्याची_गवसणी

चापट सोडून बाकी सगळं सतारीच्या पहिल्या वर्षासारखंच आहे. आम्हाला चापटही होती.

---

पोपटपंची

बरं बाबा, १९८७ चा अल्बम ऐकला. हूकर नाही, कबूल. चांगला आहे. पण 'हार्ट ऑफ द मून' घरी लावला तर तिसऱ्या चिजेला बायको सोफ्यावर झोपली. नवीन पडदे शिवायचं ठरत होतं, ते राहूनच गेलं. याच्यावर काय उपाय?

---

बामाकोकर

वहिनींना जेलीमादी तुंकारा ऐकवा, 'सिगी', २००१ चा. हा रेल बँडचा गिटारवाला, बामाको स्टेशनच्या हॉटेलात हा बँड वाजवायचा, लोक नाचायचे. 'सिगी' मात्र लाकडी गिटारवर आहे आणि बोटं अशी पळतात की डोळा लागायची शक्यता नाही. तरीही झोपल्या तर पडद्यांचं तुम्हीच ठरवून टाका.